मामांच्या दारातली माणसं

"जरा हळू घे," मी ड्रायव्हरला म्हणालो.

त्यानं जीप दुसऱ्या गिअरवर आणली. शेजारी बसलेला बब्रुवान, माझा स्वीय सहायक, मुद्दाम समोर बघत राहिला. मी काय करतोय ते त्याला ठाऊक होतं. डाव्या हाताच्या घरासमोर बसलेली माणसं मी मोजत होतो.

दोन लांब बाकडी रस्त्याकडे तोंड करून मांडलेली. बाकड्यांवर माणसं, बाकड्यांमागं उभी माणसं, ओट्यावर डोक्यावर पदर घेतलेल्या बायका. मधे लोखंडी खुर्चीवर धोतर, बंडी आणि टोपीतले ज्ञानोबा टेकाळे. कुणाचा तरी कागद डोळ्यांजवळ धरून वाचत होते. घरातून चहाचे पेले बाहेर येत होते.

"एकतीस," मी म्हणालो.

"रिकामटेकडे हायेत, साहेब," बब्रुवान म्हणाला. "तहसील उघडायला येळ हाय. तवर बसत्यात."

माझ्या घरासमोर जीप थांबली तेव्हा तिथं नऊ जण होते. त्यातले चौघे माझे नातेवाईक. एक जण तालुका कृषी कार्यालय कुठं आहे ते विचारायला थांबला होता.

ही गोष्ट नव्वद सालच्या उन्हाळ्यातली. मला आमदार होऊन तीन महिने झाले होते. वय अठ्ठावीस. सावळखेडच्या बाजारपेठेत आमचं पितळी भांड्यांचं दुकान. औरंगाबादला वकिली शिकलो, वक्तृत्वाच्या ढाली जिंकल्या, पक्षाच्या नजरेत आलो. तिकीट मिळालं आणि तीन वेळा निवडून आलेल्या ज्ञानोबा टेकाळेंना मी सहाशे अकरा मतांनी पाडलं. जिल्ह्याच्या पेपरात फोटो आला: सर्वांत तरुण आमदार मन्मथ हालकुडे. आप्पांनी, माझ्या वडिलांनी, तो फ्रेम करून दुकानात गल्ल्याच्या वर लावला. निकालानंतर मी जिल्ह्याहून वीस घडीच्या खुर्च्या मागवल्या. बारा खुर्च्या अजून भिंतीला टेकून उभ्या होत्या.

टेकाळेंना सगळा तालुका मामा म्हणायचा. विरोधकसुद्धा. लहानपणी मीही म्हणायचो. सातवी शिकलेला माणूस. विधानसभेत बारा वर्षांत त्यांनी धड एक भाषण केलं नव्हतं असं आम्ही प्रचारात सांगत फिरलो होतो, आणि ते खोटं नव्हतं. मग हरल्यावरही त्यांच्या दारात एकतीस आणि जिंकलेल्याच्या दारात नऊ, हे काय होतं?

त्याहून वाईट म्हणजे त्यांच्या चिठ्ठ्या. वहीचा अर्धा कागद फाडून, जाड्याभरड्या अक्षरात: "आमदारसाहेब, सोबतच्या बाईचं काम खरं आहे. पाहावं. ज्ञानोबा." आठवड्याला पाच-सहा तरी यायच्या. माणसं माझ्यासमोर उभी राहून आधी ती चिठ्ठी पुढं करायची, मग तोंड उघडायची. जणू मी त्यांच्या कचेरीतला कारकून.

एकदा कोंडाबाई नावाची म्हातारी आली. निराधारांच्या पगाराचं तिचं प्रकरण दोन वर्षं तहसीलला पडून होतं. मी स्वतः तहसीलदारांच्या टेबलासमोर उभा राहून ते मंजूर करून आणलं. चार दिवसांनी सकाळी जीप मामांच्या घरावरून जाताना मला ती ओट्यावर दिसली. पेढ्यांचा पुडा तिनं मामांच्या हातात दिला आणि वाकून त्यांच्या पाया पडली.

दुपारी ती माझ्याकडंही आली. एक पेढा पुढं केला. पुड्यातला शेवटचा असावा, कोपरा दबलेला होता.

"मामानं सांगितलं, आमदारालाबी दे म्हून," ती म्हणाली.

मी तो पेढा खाल्ला नाही. संध्याकाळी तो टेबलावर तसाच बघून शैलजा, माझी बायको, म्हणाली, "मुंग्या लागल्या याला."

"लागू दे."

तिनं माझ्याकडं बघितलं. "तुम्ही रोज त्यांच्या दारातली माणसं मोजता. ते कधी तुमच्या दारातली मोजत असतील का?"

"त्यांना काय गरज?" मी म्हणालो. हे मी कुणापुढं कबूल केलेलं पहिलंच वाक्य होतं, आणि ते बोलून गेल्यावर मला माझाच राग आला.

पावसाळी अधिवेशनात मी पहिलं भाषण केलं. ग्रामीण भागातल्या सुशिक्षित बेकारांवर. बाकं वाजली. दुसऱ्या दिवशी दोन पेपरांत नाव आलं. कात्रणं खिशात घालून मी मोठ्या हौसेनं सावळखेडला आलो आणि स्टँडवर उतरून मुद्दाम चालत घरी निघालो, लोकांनी अडवावं म्हणून. अडवलं एकानंच. तो म्हणाला, "अभिनंदन साहेब. मामा परवा पडले, कळलं का? पाय मुरगळलाय. अख्खं गाव जाऊन आलं बघायला."

मी घरी आलो. कात्रणं आप्पांना दाखवलीच नाहीत.

त्याच अधिवेशनाच्या शेवटच्या आठवड्यात आरोग्य खात्यातल्या एका अधिकाऱ्यांनी मला बोलावलं. "अभिनंदन," ते म्हणाले, "तुमच्या सावळखेडला तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय मंजूर होतंय. आदेश पुढच्या आठवड्यात निघेल. नशीबवान आहात, पहिल्याच वर्षी."

मला खरंच आनंद झाला. आमच्या तालुक्यात तेव्हा एक प्राथमिक आरोग्य केंद्र होतं आणि त्यात बहुतेक वेळा एक कंपाउंडर. अडलेली बाई असो की साप चावलेला माणूस, जिल्ह्याच्या गावाला न्यायचा. अठ्ठावन्न किलोमीटर.

अधिकाऱ्यांनी फाईल माझ्याकडं सरकवली. मी टिपणी वाचू लागलो. तिसऱ्या परिच्छेदात ते वाक्य होतं: माजी विधानसभा सदस्य श्री. ज्ञानोबा टेकाळे यांनी सन १९८१पासून सातत्याने केलेला पाठपुरावा विचारात घेता. खाली त्यांच्या पत्रांच्या तारखा होत्या. एक सबंध पान तारखा. शेवटची तारीख निवडणुकीत हरल्यानंतरची होती.

आणि जागा होती तहसील रोडवर. गंगाधरअप्पा महाजन नावाच्या व्यापाऱ्यानं बक्षीसपत्रानं दिलेली पाच एकर. मामांच्या घरापासून चालत तीन मिनिटं.

मला ते सगळं डोळ्यांपुढं दिसलं. दवाखान्यात येणारा प्रत्येक माणूस आधी त्या बाकड्यावर टेकेल. पेशंटचे नातेवाईक तिथं चहा पितील. आता एकतीस असतात, मग तीनशे असतील.

"जागेबद्दल थोडं बोलायचं होतं," मी म्हणालो.

"जागा उत्तम आहे की. पाणी आहे, रस्ता आहे."

"निमगाव फाटा जास्त सोयीचा पडेल. तालुक्याच्या मध्यावर."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "आमदारसाहेब, जागा बदलायची म्हणजे पाहणी पुन्हा, अंदाजपत्रक पुन्हा. सहा महिने, वर्षही लागेल. लेखी पत्र द्यावं लागेल तुम्हाला."

"देतो," मी म्हणालो.

निमगाव फाटा सावळखेडपासून नऊ किलोमीटर. तिथल्या चार गावांनी मला भरभरून मतं दिली होती. हे कारण मी स्वतःलाही सांगत होतो. एखाद्या वकिलाला पटावं इतकं ते चांगलं होतं.

बातमी माझ्याआधी गावात पोचली. पत्र अजून टाइप व्हायचं होतं. त्या रविवारी सकाळी मी ओसरीवर बसलो होतो. समोर आठ माणसं. शैलजा आतून लगबगीनं आली आणि हळूच म्हणाली, "मामा आलेत."

फाटकाशी टेकाळे मामा उभे होते. एकटे. मुरगळलेल्या पायामुळं हातात काठी होती. मी निवडून आल्यापासून ते माझ्या दारात पहिल्यांदाच येत होते. खरं सांगतो, मला इतकं बरं वाटलं की उठून त्यांना आत आणायला जाताना मी मुद्दाम सावकाश चाललो. सगळ्यांना नीट दिसावं म्हणून.

आतल्या खोलीत ते खुर्चीवर बसले. शैलजानं पाणी दिलं. त्यांनी अर्धा पेला संपवला आणि सरळ विषयालाच हात घातला.

"मन्मथराव, दवाखान्याची जागा बदलताय म्हनं."

"विचार चालू आहे."

"निमगाव फाट्याला पानी न्हाई. सत्त्याऐंशीला शाळेसाठी म्या तिथं तीन बोअर मारल्या. तिन्ही कोरड्या. धूळ आली नुसती."

"तांत्रिक अधिकारी बघतील ते."

"बघतील. बघूस्तवर दोन वर्सं जातील. आनि महाजनांच्या बक्षीसपत्रात अट हाय. पाच वर्सांत बांधकाम उभं न्हाई राहिलं तर जमीन परत. तुमी वकील हाव, तुमाला म्या काय सांगावं?"

अट मी वाचली होती. "निमगावलाही माणसंच राहतात, मामा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. काठीची मूठ दोन्ही हातांत धरून थोडा वेळ खाली बघत बसले. मग म्हणाले, "एक बोलू का? रागावू नका."

"बोला."

"नाव तुमचं लावा. कोनशिलेवर, पेपरात, समदीकडं. म्या पायाभरनीला येतबी न्हाई. कुनी विचारलं तर सांगतो, मला बारा वर्सांत जमलं न्हाई, पोरानं सा महिन्यांत आनलं. देवाची आन, सांगतो. बाकड्यावर बसून रोज सांगतो. पर जागा तेवढी बदलू नका."

त्यांनी हात जोडले. माझ्या बापापेक्षा मोठा माणूस.

मी आज त्या खोलीत असतो तर हो म्हणालो असतो, असं मला म्हणायला आवडेल. पण त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते सांगतो. मला वाटलं, म्हणजे श्रेयसुद्धा हाच माणूस देणार. माझं नाव कोनशिलेवर लागेल ते यांनी लावू दिलं म्हणून. त्या कोंडाबाईच्या पेढ्यासारखं.

"मी कुणाच्या दयेवर राजकारण करत नाही," मी म्हणालो.

"दया?" त्यांना खरंच कळलं नाही. "दया कसली वो? दवाखान्याचं बोलतोय म्या."

"माझा निर्णय मी विचार करून घेईन."

ते उठले. दारापर्यंत गेले. बाहेर ओसरीवर आले.

ओसरीवरची आठही माणसं उठून उभी राहिली.

मी बाहेर यायचो तेव्हा ती उठायची, पण तसं नव्हतं हे. एकानं त्यांची चप्पल सरळ करून पुढं ठेवली. दुसऱ्यानं काठी सावरली. "मामा, पाय कसा हाय?" "मामा, कशाला आलाव चालत, सांगावा धाडायचा." आणि ते फाटकाबाहेर पडले तेव्हा आठातले तिघे त्यांच्याबरोबर निघून गेले. माझ्याकडं कामासाठी आलेले तिघे. काम तसंच टाकून.

"बब्रुवान," मी हाक मारली. "पत्र टाइप कर. जागा बदलण्याचं."

"आज रविवार हाय, साहेब. उद्या सकाळी..."

"आत्ता."

टाइपरायटर सुरू झाला. शैलजा दारात उभी होती. ती वळून आत निघून गेली.

निमगाव फाट्यावर पायाभरणी झाली ती पुढच्या डिसेंबरात. मोठा मांडव, ढोल, नारळ, कोनशिलेवर ठळक अक्षरात माझं नाव. मामांना बोलावणं नव्हतं, तरी ते आले. सगळ्यांत मागच्या रांगेत बसले. मी बोलत असताना लोक अधूनमधून मान वळवून मागं बघत होते. सभेत इतक्या मागं वळलेल्या माना मी पुन्हा कधी बघितल्या नाहीत. टाळ्या वाजवण्याची वेळ आली की मामा टाळ्या वाजवत होते. त्यांच्या पाठोपाठ बाकीचे.

मग बोअर मारली. कोरडी. दुसरी मारली. तिसरीत खारट पाणी आलं आणि आठ दिवसांत आटलं. तांत्रिक अधिकाऱ्यांनी शेरा मारला. फाईल मुंबईला गेली, परत आली, पुन्हा गेली. मी पाठपुरावा केला, नाही असं नाही. पण सावळखेडची जागाच बरी होती, हे चार शब्द मी लिहून द्यायला तयार नव्हतो आणि दुसरं लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं. पाच वर्षं संपली. गंगाधरअप्पा मधल्या काळात वारले होते. त्यांच्या मुलांनी जमीन परत घेतली आणि प्लॉट पाडून विकली.

त्या वर्षांत अठ्ठावन्न किलोमीटरच्या त्या रस्त्यावर कुणाकुणाचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही. माझी हिंमत नव्हती.

पंच्याण्णवला मी पडलो. चौदा हजारांनी. मामा उभे नव्हते, तिसऱ्याच माणसानं मला पाडलं.

निकालानंतर नवव्या की दहाव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला मी ओसरीवर एकटा बसलो होतो. बब्रुवान नव्या आमदाराकडं लागला होता. शैलजा आप्पांना घेऊन दुकानात गेली होती. फाटक वाजलं. मामा होते. आता काठी कायमची झाली होती.

"चहा करता येतो का तुला?" बसता बसता त्यांनी विचारलं. पाच वर्षं ते मला तुम्ही म्हणायचे.

मी चहा केला. बशीत ओतून त्यांनी तो संपवला.

"कुनी येतंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मी हारलो तवा मी आठ दिवस घराभाईर पडलो न्हाई. घरची म्हातारी म्हनली, जेवा तरी. घास उतरंना. अठ्ठावीस वर्साचं पोरगं माझ्या खुर्चीवर बसलं म्हून लई जळलो."

मी त्यांच्याकडं बघत राहिलो.

"पेपरात तुझं भाषन आलं. पोरं वाचून दावायला आली. म्या म्हनलं, ठेवा तिकडं, चष्मा न्हाई माझा. चष्मा खिशात होता."

"तुम्ही?"

"मग काय देव हाय का म्या? बाकडी बघितलीस न्हवं का? ती आधी घराच्या कडंला असायची, लिंबाखाली. सावली तिथं हाय. तू निवडून आलास आनि म्या ती रस्त्याकडं तोंड करून मांडली. तुझी गाडी साडेनवाला जायची. सव्वानवाला म्या आत चहा सांगायचा. चहा येतोय म्हनल्यावर मानूस उठत न्हाई." ते थांबले. "तू गाडी हळू करायचास. मला बरं वाटायचं."

मला हसू आलं की काय झालं ते सांगता येणार नाही. घशातून काहीतरी आवाज निघाला.

"मग माझ्याकडं चिठ्ठ्या कशाला द्यायचा?" मी विचारलं.

"सही तुझी चालायची, बाबा. माझी कुठं चालत होती? कागद लिहिताना दर बारीला पेन आडायचा. आमदारसाहेब असं लिवायचं म्हनजे." त्यांनी मिशीवरचा चहा पुसला. "पर म्हातारीचा पगार का अडवावा?"

समोरच्या रस्त्यावरून एक भाजीवाला ओरडत गेला.

"त्या रविवारी मी तुझ्याकडं आलो," मामा म्हणाले, "तवा फाटकापासून दोनदा मागं फिरलो होतो. पाय उचलंना. मग म्हनलं, जावं. तू जळतोयस हे मला ठाव होतं. म्हून तर आलो. वाटलं, आपल्यावानी जळनाराच आपलं ऐकंल."

मी तेव्हा म्हणायला हवं होतं, मामा, माझं चुकलं. तोंडापर्यंत आलं होतं. त्याऐवजी मी काय विचारलं ते सांगायला आज लाज वाटते.

"सगळ्यांत जास्त किती होती हो माणसं? एका दिवसात?"

"एकशे बारा," ते क्षणात म्हणाले. "पोळ्याच्या आदल्या दिवशी. तुझ्याकडं?"

"चव्वेचाळीस."

"सत्तेचाळीस," ते म्हणाले. "दिवाळीच्या पाडव्याला. माझा मानूस होता की तुझ्या दारात."

मग मात्र आम्ही दोघंही हसलो. इतके, की मामांना ठसका लागला आणि मला उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवावा लागला. त्यांची पाठ बंडीतून हाडांनी भरलेली लागली.

त्यानंतरची चार वर्षं आम्ही दवाखान्यासाठी एकत्र हिंडलो. दोन माजी आमदार. एसटीच्या आरक्षित सीटवर शेजारी शेजारी. मंत्रालयात मी इंग्रजीत अर्ज लिहायचो आणि मामा बाकावर बसून शिपायाशी ओळख काढायचे. बहुतेक वेळा माझ्या अर्जापेक्षा त्यांच्या ओळखीनं दार उघडायचं, आणि दर वेळी मला ते लागायचं. पण आता मी ते त्यांना सांगायचो. "लागलं का?" ते विचारायचे. "लागलं," मी म्हणायचो.

नव्याण्णवच्या पावसाळ्यात मामा झोपेतच गेले. दवाखाना तेव्हाही कागदावरच होता.

इमारत उभी राहिली दोन हजार चारमध्ये. ना निमगाव फाट्यावर, ना तहसील रोडवर. गावाबाहेर चार किलोमीटरवर, माळावर. उद्घाटनाला मला निमंत्रण होतं. तेव्हाचा आमदार बत्तीस वर्षांचा, बोलका, चटपटीत. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी त्याचा एक कार्यकर्ता पॅड घेऊन रांगेतून फिरत होता. नवीन होता, बाहेरून आलेला दिसत होता.

"काका, आपण माजी आमदार ना? स्वागतात नाव घ्यायचंय. काय लिहू?"

मी काही ठरवून गेलो नव्हतो.

"लिहा," मी म्हणालो, "माजी आमदार ज्ञानोबा टेकाळे."

त्यानं लिहिलं. टेकाळेमधला ळ नीट आहे ना ते मी वाकून बघितलं.

सूत्रसंचालन करणारी मुलगी शहरातून आणलेली होती. तिनं यादी वाचायला सुरुवात केली. सभापती, उपसभापती, सरपंच. मग गोड आवाजात म्हणाली, "या तालुक्याचे माजी आमदार माननीय श्री. ज्ञानोबा टेकाळे उपस्थित आहेत. त्यांनी कृपया मंचावर यावं."

मांडवातली माणसं एकमेकांकडं बघू लागली. हार घेतलेला माणूस इकडं तिकडं बघू लागला. मंचावरच्या आमदाराचा चेहरा पडला. तो त्या मुलीकडं वळून काहीतरी खुणावू लागला. ती गोंधळली आणि तिनं नाव पुन्हा घेतलं, आणखी मोठ्यानं.

मागून कुणीतरी टाळी वाजवली. एकच, बाईची असावी. मग दुसरी. मग बायकांच्या बाजूनं सगळ्याच वाजवू लागल्या, मग पुरुषांच्या रांगा, आणि बघता बघता मांडव उभा राहिला. म्हातारी माणसं काठ्या बगलेत धरून टाळ्या वाजवत होती. मंचावरचा आमदार क्षणभर बघत राहिला आणि मग तोही उठला. त्याला उठावंच लागलं. हार घेतलेला माणूस तो हार कुठं ठेवावा हे न कळून तसाच उभा होता.

मीही उभा राहून वाजवत होतो. तळहात लाल झाले होते. आणि वाजवता वाजवता माझ्या मनात आलंच: माझं नाव लिहिलं असतं, तर एवढ्या वाजल्या असत्या का?

शेजारच्या माणसानं टाळ्या थांबवल्या. मी वाजवत राहिलो.